पान १, दाखला क्रमांक १: फ्रीमन कुटुंबाची १६० एकर

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, बीट्रिस नावाच्या गावाच्या पश्चिमेला चारेक मैलांवर कब क्रीक नावाचा ओढा आहे. त्या ओढ्याकाठची १६० एकर जमीन १८६३ सालच्या पहिल्याच दिवशी डॅनियल फ्रीमन नावाच्या माणसाने आपल्या नावावर मागितली. अर्ज क्रमांक १, जमीन कसल्याचा दाखला क्रमांक १, मालकीची सनद क्रमांक १, आणि नोंद पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर. त्यामुळे अमेरिकेत त्याला ‘पहिला होमस्टेडर’ म्हणतात, म्हणजे सरकारकडून माळरान घेऊन ते स्वतः कसून मालक झालेला पहिला शेतकरी.

एकोणिसाव्या शतकातला हा वसाहतकरी शेतकरी म्हटला की डोळ्यांपुढे ठरावीक चित्र येतं: छप्पर घातलेली बैलगाडी, रुंद हॅट, खांद्यावर बंदूक. मला त्या चित्रापेक्षा फ्रीमनचा १८६८ सालचा दाखला जास्त मोलाचा वाटतो. आपल्याकडे तलाठ्याने केलेल्या पीकपाहणीसारखाच तो आहे. घर केवढं, माळाची जमीन नांगरून किती मोडली, झाडं किती लावली, सगळं त्यात लिहिलेलं आहे. त्यातली एकेक नोंद उलगडली तर त्या कुटुंबाचं आयुष्य कळतं. कागदावर काय आलेलं नाही, तेही कळतं.

आधी कायदा समजून घेऊ. २० मे १८६२ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. वय २१ पूर्ण असलेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कोणालाही १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मागता येणार होती. तो अमेरिकेचा नागरिक असावा किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने नोंदवलेला असावा, आणि त्याने अमेरिकेविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं. जमिनीवर राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. पाच वर्षांनी दोन साक्षीदार आणून हे शाबीत केलं की जमीन आपली. सगळी फी मिळून १८ डॉलर. पाच वर्षं थांबायचं नसेल तर सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरूनही मालक होता येत असे. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित बाईला स्वतःच्या नावाने अर्ज करता येत होता. नवऱ्यासोबत नांदणाऱ्या बाईला मात्र नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

असा कायदा बरीच वर्षं लोंबकळत पडला होता. १८६० साली संसदेने त्याचं एक रूप मंजूर केलं, पण अध्यक्ष बुकॅनन यांनी ते नाकारलं. पश्चिमेला छोटे शेतकरी जाऊन बसले तर तिथे गुलामांच्या जिवावर चालणारे मोठे मळे उभे राहणार नाहीत, म्हणून दक्षिणेकडच्या राज्यांचा त्याला विरोध होता. मग ती राज्यं फुटून निघाली, यादवी युद्ध पेटलं, संसदेतल्या त्यांच्या जागा रिकाम्या झाल्या आणि कायदा पार पडला.

याच युद्धाने आपल्या खानदेश-वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचंही नशीब हलवलं. अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले, सावकारांनी हात आखडला. मुळात कर्जाखाली पिचलेल्या दख्खनच्या शेतकऱ्याला तो आणखी एक फटका होता. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जळाले, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. एका युद्धातून तिकडे एका शेतकऱ्याला सनद मिळत होती आणि इकडे दुसऱ्याच्या जमिनीवर सावकाराचं नाव चढत होतं.

आता फ्रीमनकडे वळू. त्याचा जन्म १८२६ चा, ओहायो राज्यातला. वाढला इलिनॉयमध्ये. थोडं वैद्यकीही शिकलेला. तो सांगत असे ती गोष्ट अशी, की तो युद्धात लिंकनच्या बाजूच्या सैन्यात होता आणि थोड्या दिवसांच्या रजेवर मिसूरी नदीकाठच्या ब्राउनव्हिलला आला होता. तिथे जमीन कचेरी होती. कायदा १ जानेवारी १८६३ पासून लागू होणार होता, पण त्या दिवशी सुटी, आणि त्याला तर लगेच परतायचं होतं. आदल्या रात्री नववर्षाच्या मेजवानीत कचेरीचे लोक भेटले, त्यांना त्याने गळ घातली, आणि मध्यरात्र उलटताच कचेरी उघडून त्याचा अर्ज नोंदवला गेला. गोष्टीतला शब्दन् शब्द खरा धरायची गरज नाही. त्या एकाच दिवशी देशभरातल्या कचेऱ्यांत मिळून चारशेहून जास्त अर्ज आले होते, आणि प्रत्येक कचेरीची वही वेगळी, तिचा क्रमांक १ वेगळा. पुढे सनदही पहिल्या क्रमांकाची मिळाली म्हणून फ्रीमनचं नाव राहिलं.

त्याने मागितलेल्या तुकड्याचा आकार पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत १७८५ पासून सरकारी जमिनीची मोजणी चौकटींत होत आली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक मोठा चौकोन. त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकर. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर, आणि त्याचाही चौथा हिस्सा ४० एकर. डोंगर असो, नदी असो, रेघा सरळच. नेब्रास्कात प्रत्येक मोठ्या चौकोनातले १६ आणि ३६ नंबरचे भाग शाळांच्या खर्चासाठी राखून ठेवले होते. आपल्याकडचे बांध ओढ्याप्रमाणे, भाऊहिश्श्यांप्रमाणे वाकत जातात. विमानातून नेब्रास्का पाहिलं तर आजही कपड्यावरच्या चौकटी दिसतात.

बहुतेक लोक १६० एकरांचा सरळ चौकोन घेत. फ्रीमनने तसं केलं नाही. त्याने ४० एकरांचे चार तुकडे निवडले: तीन एका ओळीत आणि चौथा मधल्याच्या डोक्यावर. उलट्या ‘टी’ अक्षरासारखा आकार झाला, आणि त्यात कब क्रीकचा ओढा आणि त्याच्या काठची झाडी आली. शहाणपण काय ते इथे दिसतं. त्या मुलखात मैलोन् मैल उंच गवत आणि फक्त गवत. झाडं असतील तर ओढ्याकाठीच: ओक, एल्म, कॉटनवूड. झाडं म्हणजे घराचं लाकूड, कुंपण, सरपण. ओढा म्हणजे गुरांचं पाणी. १६० एकरांचा आकडा सगळ्यांना सारखाच, पण पाणी आणि लाकूड ज्याच्या वाट्याला आलं त्याचं शेत वेगळंच होतं.

ज्यांच्या वाट्याला झाडं आली नाहीत, त्यांनी, विशेषतः आणखी पश्चिमेला, मातीची घरं बांधली. आपल्या विटांची नव्हेत. नांगराने गवताळ जमिनीचे लांब पट्टे उलटायचे, मुळांनी घट्ट विणलेल्या त्या पट्ट्यांचे फावड्याने दोन-तीन फुटांचे तुकडे पाडायचे आणि गवताची बाजू खाली करून एकावर एक रचायचे. सोळा फूट बाय वीस फुटांच्या घराला असे सुमारे तीन हजार तुकडे लागत. घर उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, आणि पाऊस लागला की वरून चिखल ठिबकणार. कधी छतातून सापही खाली येत. सरपण नसलं की माळावर वाळलेलं गव्याचं, म्हणजे तिकडच्या बायसनचं, शेण वेचून चूल पेटवायची. गोवऱ्या आपल्याला नव्या नाहीत, पण पूर्वेकडच्या शहरांतून आलेल्या बायकांना पहिल्यांदा शेणाला हात लावताना काय वाटलं असेल, ते समजू शकतं.

फ्रीमनच्या दाखल्यात घराची नोंद अशी: १४ फूट बाय २० फूट, काही भाग ओंडक्यांचा आणि काही फळ्यांचा, एक दार, दोन खिडक्या, लाकडी कौलांचं छप्पर, फळ्यांची जमीन. म्हणजे २८० चौरस फूट. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तशा दोन खोल्यांपेक्षाही हे घर लहान. तरी आसपासच्या मानाने चांगलंच म्हणायचं, कारण त्याच भागात १८६७ साली पामर कुटुंबाने बांधलेलं ओंडक्यांचं घर १४ फूट बाय १६ फुटांचं होतं, आणि त्यात दहा मुलं वाढली. ते घर आज फ्रीमनच्या जमिनीवरच्या स्मारकात जपून ठेवलं आहे.

पुढची नोंद: सुमारे ३५ एकर जमीन मोडून वहितीखाली आणली. पाच वर्षांत १६० पैकी फक्त ३५. वाचताना कमी वाटतं. पण हरळी माजलेलं शेत ज्याने एकदा तरी साफ केलं आहे, त्याला यातलं कष्ट सांगावं लागणार नाही. इथे तर हजारो वर्षं न मोडलेला माळ होता. त्या गवताची मुळं आठ-दहा फूट खोल, काहींची त्याहूनही खोल. वरचा थर गोधडीसारखा शिवलेला. साधा नांगर त्यात रुततच नसे. लांब फाळाचे खास नांगर असत, त्यांना बैलांच्या तीन-चार जोड्या जुंपायच्या, आणि दिवसभरात एखादा-दीड एकर झाला तर खूप. एवढी जनावरं बहुतेकांकडे नसत, मग एकरी दर ठरवून दुसऱ्याकडून जमीन मोडून घ्यावी लागे.

मोडलेल्या जमिनीत पहिल्या वर्षी धड पेरणीही होत नसे, कारण ढेकूळ फुटतच नाही. उलटलेल्या पट्ट्यात कुऱ्हाडीने चीर पाडायची, त्यात मक्याचे दाणे टाकायचे, टाचेने चीर दाबून बुजवायची. येईल ते पीक घ्यायचं. गवत कुजून खरी भुसभुशीत काळी माती दिसायला दुसरं-तिसरं वर्ष उजाडायचं. कायद्यात पाच वर्षांची अट होती, आणि माळाचं शेत व्हायलाही जवळपास तेवढाच काळ लागत होता. तोवर घरात आधीच्या कमाईचं काहीतरी असावं लागे. बैल, गाडी, नांगर, बियाणं आणि वर्षभराचं खाणं १८ डॉलरांत येत नव्हतं. जमीन फुकट होती, शेती नव्हती. कितीतरी कुटुंबं दोन-तीन वर्षांत सगळं सोडून परत फिरली, ती इथेच अडली.

दाखल्यात पुढे गोठा आहे, मेंढरांसाठी शंभर फूट लांब वाडा आहे, मक्याची कणसं साठवायची कोठी आहे. ही कोठी आपल्या कणगीसारखी लिंपलेली नसे; फळ्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवत, म्हणजे वारा खेळून कणसं वाळत. आणि मग येते माझी सर्वांत आवडती नोंद: सफरचंदाची ४० झाडं आणि पीचची सुमारे ४०० झाडं. पीचला फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात, सफरचंदाला त्याहून जास्त. ज्याला पाच वर्षांनी जमीन विकून निघून जायचं आहे, तो चारशे झाडं लावत नाही.

दाखल्यावर नाव एकट्या डॅनियलचं. शेतावर मात्र तो एकटा नव्हता.

अ‍ॅग्नेस सुटर ही आयोवा राज्यातल्या ल क्लेअर गावची मुलगी, मिसिसिपी नदीकाठची. तिचं लग्न ठरलं होतं डॅनियलच्या भावाशी, जेम्सशी. जेम्स युद्धात मरण पावला. डॅनियलची पहिली बायको आधीच वारलेली. त्याने अ‍ॅग्नेसला पत्रं लिहायला सुरुवात केली. पत्रांतून ओळख वाढली आणि ८ फेब्रुवारी १८६५ रोजी दोघांचं लग्न झालं. तो अडतीस वर्षांचा, ती विशीतली. नदीकाठचं नांदतं गाव सोडून ती कब क्रीकच्या घरात आली. त्या चौदा बाय वीसमध्ये तिने संसार मांडला, मुलं वाढवली.

अशा शेतावरच्या बाईचा दिवस कसा जायचा, याची कल्पना त्या काळच्या पत्रांतून आणि रोजनिशांतून येते. पाणी आणणं, दूध काढणं, लोणी घुसळणं. राखेच्या पाण्यात चरबी शिजवून साबण करायचा, त्याच चरबीच्या मेणबत्त्या. लोकर कातायची, कपडे शिवायचे, परसातला भाजीपाला थंडीसाठी सुकवून, खारवून ठेवायचा. पीक नोव्हेंबरात हाती यायचं, पण मीठ, साखर, कॉफी बारा महिने लागायची. ती यायची लोणी आणि अंडी विकून. म्हणजे घरात रोजची रोकड बाईच्या कामातून. पोरं चालायला लागली की कामाला लागायची: सरपण वेचणं, गुरं राखणं, मक्यातली पाखरं हाकणं. ओढ्याकाठच्या वस्तीत हिवताप ठरलेला, त्यामुळे आजारपणं काढणं हेही तिच्याच अंगावर. नांदत्या बायकोला अर्ज करता येत नव्हता, म्हणून पहिल्या पानावर अ‍ॅग्नेसचं नाव येण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसरी कागदावर न आलेली माणसं म्हणजे आधी तिथे असलेली. हा सगळा ओटो आणि मिसूरिया लोकांचा मुलूख. ते मका, भोपळा, घेवडा पिकवत, आणि ऋतूप्रमाणे गव्यांच्या शिकारीला जात. १८५४ च्या तहात त्यांनी जवळपास सगळी जमीन सरकारला दिली आणि बीट्रिसच्या दक्षिणेला सुमारे १,६२,००० एकरांचा राखीव पट्टा त्यांच्याकडे उरला. फ्रीमनची सनद १८६९ साली तयार झाली तेव्हा ते काही मैलांवरच राहत होते. पुढे तो पट्टाही तुकड्यातुकड्याने विकला गेला आणि १८८१ साली त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं.

आपल्याकडे ‘कसेल त्याची जमीन’ म्हणून कूळकायदा आला, तेव्हा जमीन मिळाली ती पिढ्यान् पिढ्या तिथेच राबणाऱ्या कुळाला. होमस्टेड कायद्याचंही तत्त्व ऐकायला तेच, पण तो कसणारा बाहेरून येणार होता, आणि आधी कसणारा जाणार होता. हा फरक लपवून या शेतकऱ्याची गोष्ट सांगणं मला पटत नाही. फ्रीमनचे कष्ट खरे होते. ओटोंचं घर गेलं तेही खरं.

मालकी मिळाली म्हणून संकटं थांबली नाहीत. १८७४ च्या उन्हाळ्यात रॉकी पर्वताकडून टोळधाड आली. ऊन झाकोळलं, आणि खाली उतरलेल्या टोळांनी मका तर खाल्लाच, जमिनीतले कांदे पोखरले, दोरीवरचे कपडे आणि घामाने खारट झालेले औजारांचे दांडेही कुरतडले. १८७७ साली नेब्रास्का सरकारने कायदाच केला की १६ ते ६० वयाच्या पुरुषांनी ठरावीक दिवस टोळ मारायला यावं. नवल असं, की तीसेक वर्षांत ही टोळांची जातच पृथ्वीवरून नाहीशी झाली. पर्वतातल्या ज्या नदीखोऱ्यांत ते अंडी घालत, तीच शेतकऱ्यांनी नांगरून काढली, असं एक कारण अभ्यासक देतात.

पीक चांगलं आलं तरी सुख नव्हतं. मक्याचा भाव कधी इतका पडायचा की कोळसा विकत घेण्यापेक्षा कणसंच शेगडीत जाळणं परवडे. १२ जानेवारी १८८८ च्या दुपारी, सकाळी ऊबदार असलेल्या हवेत अचानक हिमवादळ उठलं. पोरं शाळेत होती. नेब्रास्का-डाकोटा भागात दोनशेहून अधिक माणसं गोठून मेली, त्यांत बरीच लहान मुलं होती.

फ्रीमन या सगळ्यातून टिकला, आणि म्हातारपणीही गप्प बसला नाही. १८९९ साली जवळच्या सरकारी शाळेत शिक्षिका बायबल वाचून दाखवते, प्रार्थना आणि स्तोत्रं म्हणवून घेते, हे त्याला खटकलं. सरकारी शाळेत एका धर्माची उपासना नको, म्हणून तो कोर्टात गेला. खाली हरला. १९०२ साली नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. शाळेत धर्म असावा का, हा वाद आपल्याकडेही अजून मिटलेला नाही. तिकडे सत्तरी ओलांडलेला एक शेतकरी तो स्वतःच्या गावात, शेजाऱ्यांची नाराजी पत्करून लढला होता.

डॅनियल १९०८ च्या डिसेंबरात गेला. अ‍ॅग्नेस त्याच्यामागे बावीस वर्षं जगली, १९३१ पर्यंत. होमस्टेड कायद्याखाली एकूण सुमारे १६ लाख कुटुंबांना मिळून २७ कोटी एकर जमीन मिळाली. अलास्का सोडता तो १९७६ पर्यंत चालू होता. फ्रीमनची १६० एकर १९३६ साली राष्ट्रीय स्मारक झाली.

तिथे १९३९ पासून एक वेगळंच काम सुरू आहे. फ्रीमनने बैल जुंपून मोडलेल्या जमिनीवर पुन्हा मूळचं गवत लावलं गेलं. मका नाही, गहू नाही. ठरावीक वर्षांनी जाणकारांच्या देखरेखीखाली ते गवत पेटवतात, म्हणजे झुडपं माजत नाहीत आणि मुळं पुन्हा फुटतात. शरद ऋतूत ते डोक्याच्या वर जातं, तांबूस होतं. डॅनियल आणि अ‍ॅग्नेस त्याच जमिनीत पुरलेले आहेत, एकमेकांशेजारी, आणि त्या दगडावर दोघांचंही नाव आहे.